आंघोळ झाली का?

आपा कामावर आल्या की आधी फोन उचलत आणि लोकांना त्यांची आंघोळ झाली का, असं विचारत. लोक म्हणजे नात्यातले किंवा ओळखीपाळखीचे नव्हेत. कुणी स्कॉटलंडचा इंजिनिअर, कुणी लाहोरचा बँकवाला, कुणी मनिलाची नर्स. आदल्या दिवशी आमच्या माणसांनी ज्याच्या घरचा गीझर, नळ किंवा शॉवर दुरुस्त केला असेल, त्याला दुसऱ्या सकाळी हा फोन जायचाच. "गुड मॉर्निंग सर, मेंटेनन्स से बोल रही हूँ. नहाना हो गया?" समोरच्याला हिंदी येत नसेल तर, "सर, बाथ ओके?" त्या स्कॉटिश गृहस्थांनी पहिल्या फोननंतर आमच्या मॅनेजरना गाठून विचारलं होतं की ही बाई कोण आणि माझ्या आंघोळीशी तिचा संबंध काय. पुढे तेच गृहस्थ ऑफिसला जाताना आमच्या केबिनसमोर गाडी हळू करत, काच खाली घेत आणि ओरडत, "आपा, बाथ ओके."

दोह्याच्या अबू हमूर भागातलं ते कंपाउंड. काही व्हिला आणि मागच्या बाजूला चार मजल्यांची एक इमारत. त्याच्या देखभालीचा करार आमच्या कंपनीकडे होता. गेटजवळच्या पत्र्याच्या केबिनमध्ये आपांचं टेबल, फोन आणि संगणक. तक्रार आली की त्या नोंदवत, प्लंबर किंवा इलेक्ट्रिशियन पाठवत, आणि तो परत येऊन "खलास" म्हणाला की कंपनीच्या नियमाप्रमाणे तक्रार बंद करायची असे. आपांना तो नियम कधी पटला नाही. त्या म्हणत, "नळ चालू झाला म्हंजे काम झाला नाय. मानूस न्हाला म्हंजे काम झाला." त्यामुळे आमच्या नावावर तक्रारी एक दिवस जास्तच उघड्या दिसत. मॅनेजर वैतागत. आपा मान डोलावत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करत.

मी मेहकरचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. वर्ल्ड कपसाठी सगळं कतार खणलं जात होतं, त्या दिवसांत इथे नोकरीला आलो. राहायला दोह्याच्याच नजमा भागात, एका खोलीत आम्ही बरेच जण. पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून केबिनमध्ये गेलो. आपांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि लोकांना विचारत तेच मलाही विचारलं. मी म्हणालो, "नाही झाली. रूमवर बाथरूम एकच आहे, नंबर लागला नाही."

"मंग हितं काय शोभेला आलास?" त्यांनी ड्रॉवरमधून साबण काढून माझ्या हातात दिला. "पंपरूमच्या बाजूला न्हाणी हाय. जा. न्हाल्याबिगर मानसाचा डोका चालत नाय."

त्यानंतर तिथे होतो तोवर मी रोज लवकर निघून पंपरूमच्या न्हाणीत आंघोळ करून कामाला लागलो. परक्या देशात माझी पहिली सोय लावली ती या बाईंनी, आणि तीही पहिल्या पाच मिनिटांत. मला त्या "इंजिनेर" म्हणत. त्यात चेष्टा किती आणि कौतुक किती, हे मला लवकर कळलं नाही.

उन्हाळ्यात त्यांच्या फोनला वेगळीच रंगत येई. इथे जून-जुलैमध्ये गच्चीवरच्या टाक्या तापून गार पाण्याच्या नळाला चटके देणारं पाणी येतं. त्यावर इथल्या जुन्या माणसांचा उपाय म्हणजे गीझर बंद करून ठेवायचा. तो घराच्या आत, एसीच्या गारव्यात असतो, त्यातलं पाणी निवतं, आणि मग आंघोळीला गरम पाण्याचा नळ सोडायचा. नवा भाडेकरू रागाने फोन करी की गार नळाला उकळतं पाणी येतंय. आपा शांतपणे सांगत, "सर, गीझर बंद कीजिए. कल सुबह गरमवाला नल खोलिए, ठंडा पानी आएगा." पलीकडचा तेच पुन्हा पुन्हा विचारून घेई. आपा रिसीव्हरवर हात ठेवून मला म्हणत, "याला वाटतंय बाई पागल हाय. उद्या न्हाला का कळंल."

त्यांची आणखी एक खोड मला सुरुवातीला अंधश्रद्धेसारखी वाटायची. समोरचा "हो, झाली आंघोळ, थँक यू" म्हणाला, तरी त्यांचं कधीकधी समाधान होत नसे. फोन ठेवून त्या प्लंबरला हाक मारत. "बिकाश, त्या आठ नंबरवाल्याकडं परत जा." मी विचारलं, "आपा, ते तर ओके म्हणाले."

"ओके बोलला. पन आवाज थंड होता."

बिकाश नेपाळचा, कामात हुशार. तो कुरकुरत जाई आणि बहुतेक वेळा मान खाली घालून परत येई. लोक भिडेखातर बरं झालं म्हणतात, पुन्हा कशाला त्रास द्या म्हणतात, आणि गार पाण्याने आंघोळ करून कामाला जातात. आपांना ती भीड ऐकू यायची. कधी त्या चुकतही. एकदा एका माणसाकडे बिकाशला तीनदा धाडलं. गीझर ठणठणीत होता, माणसाचा आवाजच मुळात तसा होता.

आपा रायगडच्या, श्रीवर्धनजवळच्या एका गावातल्या. नवरा दोह्यात ड्रायव्हर होता म्हणून आल्या. पुढे पाठीच्या दुखण्याने तो गावी परतला आणि आपा मागे राहिल्या, कारण मुलगी सना मुंबईत फार्मसी शिकत होती. त्यांच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. डबा खाताना त्या माझ्या शिक्षणाबद्दल खोदून विचारत. बाप काय करायचा, फी कशी भरलीस, सुट्टीत घरी गेलास की अभ्यास व्हायचा काय. मी सांगत जाई आणि त्या सनासाठी ऐकत. "तिचा शेवटचा वर्ष हाय रे इंजिनेर," त्या म्हणत. "तेवढा होऊंदे. तवर मला हितना हलायचा नाय."

त्या शेवटच्या वर्षातच, वर्ल्ड कपच्या आधीच्या हिवाळ्यात, इमारतीचा बॉयलर रुसला.

व्हिलांना घरोघर गीझर होते, पण चार मजली इमारतीला गच्चीवरच्या एकाच मोठ्या बॉयलरमधून गरम पाणी जाई. जानेवारीच्या पहाटे इथेही अंगावर काटा येतो. नेमक्या त्या दिवसांत सकाळी सकाळी तक्रारी सुरू झाल्या की शॉवरला गरम पाणी येता येता गार होतं. मी गच्चीवर जाऊन पाहावं तर बॉयलर उत्तम तापलेला. थर्मोस्टॅट बदलला. पाणी फिरवणारा पंप उघडून साफ केला. आतला क्षार खरवडून काढला. प्रत्येक वेळी दुपारपर्यंत सगळे नळ वाफाळत आणि दुसऱ्या सकाळी आपांच्या "नहाना हुआ?" ला तेच उत्तर येई, "कहाँ हुआ, आपा."

हे साधं दुखणं राहिलं नव्हतं. मालक मंडळींना रिकामे फ्लॅट सजवून वर्ल्ड कपच्या पाहुण्यांना द्यायचे होते. त्याआधी त्यांचा इंजिनिअर येऊन सगळं तपासणार होता, आणि त्याच्या शब्दावर आमच्या कंपनीचा करार पुढे चालू राहणार की नाही, हे ठरणार होतं. करार गेला तर केबिन बंद, आणि आमच्यापैकी बहुतेकांना परतीचं तिकीट. मॅनेजर रोज येऊन एकच विचारत, "तक्रारी बंद का होत नाहीत?" त्यांनी एक सोपी वाटही सुचवली. "आपा, आप सुबह पूछना बंद कीजिए. आधी कम्प्लेंट अपने आप बंद हो जाएगी."

आपा म्हणाल्या, "साब, आप बोलो तो मैं फोन नहीं करूँगी. लेकिन मालिक का मेहमान नहाएगा तो उसका फोन आपको आएगा."

मॅनेजर गाडीची किल्ली उचलून निघून गेले.

मी तेव्हा थकलो होतो. नवा बॉयलरच मागवावा, असं मी म्हणालो. आपांनी डब्याचं झाकण लावलं. "आमच्या घरी तांब्याचा बंब हाय," त्या म्हणाल्या. "एवढी मानसा आंघोळीची. कोनाला पानी गार मिळाला का आई बंबाला दोष देई नाय. ती विचारी, तुझ्या आधी कोन न्हाला? कारन बंब तापलेलाच असतो. कोनीतरी आपली बादली भरून घेतो आन वरना गार पानी ओतून जातो. मागना येनाऱ्याची आंघोळ मरते."

"इथे वरून कोण ओतणार, आपा? सगळे पाइप बंद आहेत."

"ता तू शोध. तू शिकलेला हायस. मी कोन कधी न्हाला ता शोधते."

पुढच्या सकाळी त्यांनी फोनवरचा प्रश्न बदलला. गरम पाणी आलं का, हे विचारायचं सोडून, कधी न्हालात ते विचारायला लागल्या. लोकांना त्यांची सवय होती, सांगून टाकत. त्यातून एक गोष्ट उघडी पडली. चौथ्या मजल्यावरचा विमानतळावर काम करणारा माणूस पहाटेच्या अजानच्या आधी न्हायचा, त्याला रोज कढत पाणी. अजाननंतर उठणाऱ्या सगळ्यांना गार. आणि नऊ-दहाच्या पुढे न्हाणाऱ्या गृहिणींची काही तक्रार नव्हती. म्हणजे बॉयलर आपलं काम करत होता. अजाननंतर कुणीतरी काहीतरी उघडत होतं आणि आम्ही पोचायच्या आत ते बंद होत होतं.

मालकांचा इंजिनिअर यायचा होता त्याच दिवशी, उजाडायच्या सुमाराला, मी इमारतीच्या पाइपांच्या डक्टमध्ये शिरलो. प्रत्येक मजल्याला गरम पाण्याचा वेगळा व्हॉल्व्ह होता. आपा जिन्यात मोबाइल घेऊन बसल्या आणि चौथ्या मजल्यावर, त्या विमानतळवाल्याच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये, फोन लावला. तिथले कराचीचे एक गृहस्थ बिचारे नळाखाली हात धरून उभे राहायला तयार झाले होते. मशिदीतून अजान झाली. थोड्या वेळाने आपा म्हणाल्या, "गार झाला बोलतायत."

मी पहिल्या मजल्याचा व्हॉल्व्ह बंद केला. "आता?"

"गारच."

तो उघडून दुसऱ्याचा बंद केला.

"गार. ते बोलतायत हात सुन्न झाला."

मग तिसऱ्याचा. डक्टमध्ये मी कान देऊन थांबलो. आपांच्या मोबाइलमधून त्या गृहस्थांचा आवाज मला आतपर्यंत ऐकू आला, "आ गया, आ गया! गरम आ गया, बाजी."

मी आनंदाने बाहेर आलो. दोष सापडला होता. तिसऱ्या मजल्यावर कुठेतरी गार पाणी गरमच्या पाइपात शिरत होतं. पण आपा हसत नव्हत्या. त्या मजल्यावर एक फ्लॅट रिकामा, दुसऱ्यातली नर्स रात्रपाळीवर. राहिलं एक घर, हैदराबादच्या कुटुंबाचं. मुलगा-सून नोकरीला, आणि हिवाळ्यासाठी आलेली मुलाची म्हातारी आई.

"ता माझा हाय," आपा म्हणाल्या.

मला काही कळेना. त्यांनीच सांगितलं. हिवाळ्याच्या सुरुवातीला त्या दादीमाँनी फोन केला होता. गुडघे वाकत नाहीत, पहाटे नमाजाआधी हातपाय धुताना, वजू करताना, बेसिनपर्यंत पाय जात नाही आणि गार पाण्याने सांधे धरतात. संडासातला हातशॉवर नुसत्या गार लाइनवर असतो. आपांनी बिकाशला सांगून त्याला गरम-गार दोन्ही पाइप जोडून दिले, खुर्चीवर बसून कोमट पाणी घेता यावं म्हणून. कागदोपत्री त्याची नोंद नव्हती. घरमालकाच्या परवानगीशिवाय असं काही जोडणं नियमात बसत नाही, आणि बसत नाही म्हणूनच दादीमाँचा अर्ज पूर्वी एकदा नाकारला गेला होता.

बिकाशला हाक मारून आम्ही त्या घरी गेलो. दादीमाँ खुर्चीवर बसल्या होत्या, नमाज झाली होती. हातशॉवर खुंटीला टांगलेला, एक थेंब गळत नव्हता. मात्र मागचे दोन्ही नळ, गरम आणि गार, पूर्ण उघडे. तोंड बंद आणि नळ उघडे, म्हणजे आतल्या आत दोन्ही पाइप एक झालेले. गार लाइनला पंपाचा जोर, गरमला तेवढा नाही. गार पाणी तिथून गरमच्या पाइपात घुसत होतं आणि सगळ्या इमारतीच्या शॉवरना मिळत होतं. नऊच्या सुमाराला सून कामावर निघण्याआधी बाथरूम पुसताना नळ आवळी आणि सगळं सुरळीत होई.

"दादीमाँ, नल बंद नहीं करते?" आपांनी विचारलं.

"करतूं ना बेटी," दादीमाँ म्हणाल्या आणि हातशॉवरची कळ दाखवली. "ये छोड़ दी तो बंद. पीछे के नल अजान होते ही बेटा खोल के देता, मेरे हात से फिरते नै. क्या हुआ, कुछ बिगड़ गया क्या?"

"नहीं नहीं. आपका कुछ नहीं बिगड़ा."

जिन्यात बिकाश हळूच म्हणाला, "आपा, मैं अभी खोल देता हूँ. दस मिनट का काम. किसको पता चलेगा?"

खरं म्हणजे कुणालाच कळलं नसतं. तक्रारी थांबल्या असत्या, तपासणी पार पडली असती. आपा पायरीवर उभ्या राहिल्या. सनाचं शेवटचं वर्ष त्यांच्या डोळ्यांपुढे असणार, माझ्याही होतं. मग त्या म्हणाल्या, "बिकाश, वो खोल दिया तो ये बुढ़िया कल वजू कैसे करेगी?" आणि माझ्याकडे वळून, "आन उद्या मी त्या लोकांना फोन करून काय सांगू? बॉयलर आपसूक बरा झाला? इंजिनेर, म्हातारीचा पानी पन राहील आन लोकांची आंघोळ पन होईल, असा काय हाय काय तुझ्या शिक्षनात?"

होतं. दोन्ही पाइपांना एकेक असा व्हॉल्व्ह बसवायचा, जो पाणी पुढे जाऊ देतो पण उलटं फिरू देत नाही. नळ उघडे राहिले तरी गार पाणी गरमच्या वाटेला जाऊ शकत नाही. गोदामात तसे व्हॉल्व्ह पडलेले होते. बिकाशने आणि मी ते बसवले. मग मी दोन्ही नळ मुद्दाम उघडे ठेवले, आणि आपांनी कराचीच्या गृहस्थांना पुन्हा फोन लावला. "गरम है, बाजी, अब तो मैं नहा ही लेता हूँ," ते म्हणाले.

मालकांचा इंजिनिअर आला. मिसरी, म्हणजे इजिप्तचा, वयस्क, कमी बोलणारा. मॅनेजर त्याला बॉयलर दाखवत होते, सगळं ठीक आहे म्हणत होते. आपा गच्चीपर्यंत जिने चढून आल्या, दम लागला होता. दम खाऊन त्यांनी त्यांच्या मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. म्हातारीसाठी जोडणी मी करवून घेतली, परवानगी घेतली नाही, लोकांना गार पाणी मिळालं ते माझ्यामुळे, बॉयलरचा दोष नाही, आणि माझ्या इंजिनिअरने ते असं असं दुरुस्त केलं. "माझा इंजिनिअर" हे शब्द त्यांनी माझ्याकडे न बघता उच्चारले. मॅनेजरचा चेहरा उतरला.

मिसरी गृहस्थांनी तिसऱ्या मजल्यावर जाऊन ती जोडणी पाहिली. दादीमाँशी सलाम-दुआ केली. मग विचारलं की पाहुण्यांच्या फ्लॅटमध्येही आम्ही असेच कोमट पाण्याचे हातशॉवर बसवणार आहोत, त्या आराखड्यात हे व्हॉल्व्ह आहेत का. नव्हते. कुणाला सुचलंच नव्हतं. पाहुणे भरल्यावर प्रत्येक बाथरूममधून हाच घोटाळा झाला असता. "सगळीकडे बसवा," ते म्हणाले, "आणि हिच्याकडून रोज फोन करून घ्या."

करार राहिला. मॅनेजरांनी आपांना ताकीद दिली, तीही खरीच. आपांनी ती निमूट ऐकून घेतली. केबिनमध्ये येऊन त्यांनी इमारतीतल्या प्रत्येक घरी फोन लावला. चूक आमच्याकडून झाली होती, माफ करा, आता नहाके देखिए. त्या दिवशी कुणाच्याच आवाजात भीड नव्हती.

सनाचा निकाल उन्हाळ्यात लागला. आपांनी सगळ्या केबिनला बिर्याणी खाऊ घातली आणि त्या दिवशी फोनवर लोकांना आंघोळीआधी मुलीची बातमी सांगितली. वर्ल्ड कप झाला, पाहुणे न्हाऊन-माखून गेले, आणि मग कंपनीने तक्रारींसाठी मोबाइल ॲप आणलं. टेबल उठलं. आपा म्हणाल्या, "आता हलले तरी चालंल." निघायच्या दिवशी त्यांनी मला एक नवा साबण दिला. तो मी वापरलेला नाही.

आता मी दोह्यातच, मुशैरिबमधल्या एका मोठ्या इमारतीची देखभाल पाहतो. आदल्या दिवशी जिथे दुरुस्ती झाली असेल तिथे सकाळी फोन करतो. ॲपवर तक्रार केव्हाच हिरवी झालेली असते. हाताखालची मुलं हसतात. मी त्यांना हसू देतो.

मागच्या रजेत मेहकरला जाण्याआधी वाट वाकडी करून श्रीवर्धनला गेलो. रात्रभरचा प्रवास, अंग आंबलेलं. आपा अंगणात उभ्या होत्या, केस पांढरे झालेले. बस, पाणी घे, कसा आहेस, काही नाही. "आंघोळ झाली का?" मी नाही म्हणताच टॉवेल हातात. परसात तांब्याचा बंब धुमसत होता, जळणाला नारळाची सोडणं घातलेली. सनाही सुट्टीला आलेली होती, आत्ताच न्हाऊन केस पुसत होती.

मी न्हाणीत गेलो आणि पहिला तांब्या अंगावर घेतला. पाणी जेमतेम कोमट होतं. बाहेरून आपांनी विचारलं, "गरम हाय ना रे?"

"छान आहे, आपा," मी म्हणालो.

बाहेर बंबाचं झाकण वाजलं. मग सनाला हाक गेली, "बंबात गार ओतून गेलीस ना गे?" आणि न्हाणीच्या दारावर थाप पडली.

"इंजिनेर, बादली भायेर सरकव. आवाज थंड हाय तुझा."